पदके : निरंक

मित्रांनो, जरा हळू. माझ्या पाठीला एकदम हात लावू नका. तिथे एक चीर आहे आणि ती अजून हुळहुळते. मी एका सैनिकाची जुनी सेवापुस्तिका आहे. सैनिक कधी भरती झाला, कुठे कुठे राहिला, काय शिकला, केव्हा जखमी झाला, हे सगळं ज्या छोट्या वहीत लिहितात, ती मी. सैनिकाची वही म्हणजे शूर असणार, असं तुम्हाला वाटेल. छे हो! मी पहिल्यापासून भित्री. पाणी, ठिणगी, कागद कुरतडणारी कसर, टेबलावरचा भरलेला कप, सगळ्यांना मी भ्यायले. पण सगळ्यांत जास्त भ्यायले ते माझ्याच सातव्या पानाला. का, ते सांगते.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. बत्तीस पानं, मध्ये दोऱ्याचे तीन टाके, वर निळ्या कापडाची जिल्द आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या अंगाला कागदाचा एक खिसा. हा खिसा ध्यानात ठेवा. सैनिक दूर कुठे तैनात असला, की त्याच्याबद्दलचे आदेश चिठ्ठीवर लिहून या खिशात घालत. मग वही तळावरच्या कार्यालयात पोचली, की कारकून ती चिठ्ठी वाचून नोंद पानावर उतरवून घेई. अशी रीत होती.

माझा सैनिक रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर होता. बावीस वर्षांचा, हडकुळा आणि कमालीचा टापटीप. मला मेणकापडात गुंडाळून तो शर्टाच्या डाव्या खिशात ठेवायचा. त्यामुळे त्याच्या छातीत काय चाललंय ते जगात फक्त मला कळायचं. एके दिवशी नदीवरचा पूल तोफांनी उडवला आणि पलीकडे जखमी माणसं अडकली. माझ्या सैनिकाने गाडी सरळ नदीच्या पात्रात घातली. एकदा गेला, पाच जणांना घेऊन आला. पुन्हा गेला, सहा जणांना आणलं. तिसऱ्या खेपेला गाडीवर लोखंडाचे तुकडे बरसले आणि त्याचा गुडघा फुटला. तरी त्याने गाडी काठाला लावली. बाप रे! त्या वेळी त्याचं काळीज माझ्यावर असं आपटत होतं, की माझी पानं आतल्या आत फडफडत होती.

पुढे इस्पितळात एक अधिकारी खाटेखाटेशी फिरला. त्याने माझ्या सैनिकाच्या छातीवर दोन पदकं लावली, एक जखमेचं आणि एक शौर्याचं. मागून येणाऱ्या कारकुनाने आदेशाचा क्रमांक घातलेली चिठ्ठी माझ्या खिशात सरकवली. त्या दिवशी मी इतकी फुगले होते, म्हणून सांगू!

मग लढाई संपली आणि घरी पाठवायच्या साठ जणांच्या वह्या तळावर गोळा झाल्या. आम्ही सगळ्या चिखलाने आणि औषधांनी बरबटलेल्या. नेमका दुसऱ्या दिवशी मोठा अधिकारी तपासणीला येणार होता. खरं तर आधी चिठ्ठ्या वाचायच्या, पानं भरायची आणि मग नवी जिल्द चढवायची. पण कार्यालयाच्या प्रमुखाने फर्मावलं, "साहेब आत उघडून बघत नाहीत. आधी बाहेरून चकाचक करा, लिहायचं मागाहून बघू." झालं! जिल्द बांधणाऱ्याने घाईघाईत खळीचा ब्रश फिरवला, खिशावर अस्तराचा जाड कागद दाबला आणि आम्हा सगळ्यांना वजनाखाली ठेवून दिलं. चिठ्ठी माझ्या पाठीत जिवंत गाडली गेली. मला ओरडावंसं वाटलं, पण वही ओरडणार कशी? संध्याकाळी कारकुनाने खिसा शोधला. तो सापडला नाही. त्याने सातव्या पानावर लिहिलं, 'पदके : निरंक.' निरंक म्हणजे काहीही नाही.

दुसऱ्या दिवशी घरी जाणाऱ्यांची रांग लागली. माझ्या सैनिकाच्या हातात मला दिलं. त्याने सातवं पान उघडलं, वाचलं आणि तोंड उघडलं. तेवढ्यात टेबलामागून आवाज आला, "पुढे चला." आणि मित्रांनो, तोफांसमोर तीनदा गेलेला तो माणूस एका कारकुनाला घाबरून मुकाट्याने पुढे सरकला.

त्यानंतर त्रेचाळीस वर्षं मी एका पत्र्याच्या ट्रंकेत काढली. माझ्या सैनिकाने शाळेची बस चालवली, संसार केला, म्हातारा झाला. पदकं बटणांच्या डब्यात पडून होती. मला कोणी विचारेना. एकदा माझ्या पाठीत बारीक कुरतडल्यासारखं झालं. कसर! ती चिठ्ठीपर्यंत पोचली का, किती खाल्लं, काही कळायला मार्ग नव्हता. कित्येक महिने मी जीव मुठीत धरून होते.

मग एका वर्षी नगरभवनात जुन्या सैनिकांचा सत्कार ठरला. म्हाताऱ्याचा मुलगा परगावी नोकरीला, घरात सून होती. ती एका बाइंडिंगच्या कारखान्यात कामाला जायची. तिनेच पदकं घासूनपुसून लावून दिली. "बाबा, एक दिवस मिरवा की जरा!" म्हातारा लाजत लाजत गेला. फोटो छापून आला. आठच दिवसांत कोणीतरी तक्रार केली आणि एक जाड लिफाफा दारात पडला.

सुनेने पत्र मोठ्याने वाचलं. नोंदीत एकही पदक नसताना आपण पदकं लावली आहेत. तीस दिवसांत पुरावा द्यावा. न दिल्यास पदकं जमा करून घेऊ आणि खोटी पदकं लावणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव जाहीर करू.

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. त्याने ट्रंक उघडली, मला बाहेर काढलं आणि सातवं पान सुनेपुढे धरलं. अहो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्या छातीशी मी राहिले, त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला मीच पुढे! त्या दिवसापासून तो घराबाहेर पडेना. दाराची कडी वाजली की दचकायचा. समोरच्या घरातले दाढीवाले काका हाक मारून गेले, तर हा पडद्याआड उभा. एकदा सुनेला म्हणाला, "सगळं आयुष्य सरळ गेलं गं. आता खोटारडा म्हणून मरायचं का मी?"

सून पदर खोचून अभिलेख कार्यालयात गेली. अभिलेख कार्यालय म्हणजे जुने कागद सांभाळायची जागा. मी तिच्या पिशवीत होते. तिथला कारकून माणूस वाईट नव्हता. त्याने छतापर्यंत गेलेल्या मांडण्या दाखवल्या. "बाई, सगळे आदेश इथे आहेत. पण लावलेत क्रमांकाने, नावाने नाही. क्रमांक सांगा, पाच मिनिटांत काढतो. नावावरून शोधायला बसलो तर मी निवृत्त होईन."

क्रमांक! तो माझ्या पाठीतच होता. माझा जीव नुसता कासावीस झाला.

सत्ताविसाव्या दिवशी सून टेबलाशी बसून होती. बाइंडिंगवाल्यांना एक सवय असते. वही हातात आली, की डोळ्यांआधी त्यांचा अंगठा फिरतो. तिचा अंगठा माझ्या पुढच्या पुठ्ठ्यावरून गेला, मग मागच्या. मध्येच थांबला.

"बाबा, हिचा मागचा पुठ्ठा जाड आहे. आत काहीतरी चिकटलंय. मी सोडवते."

"हात लावू नकोस!" म्हातारा किंचाळलाच. "सरकारी वही आहे. घरी उघडलीस तर म्हणतील, आत निघालं ते यांनीच घुसवलं. उरलीसुरली अब्रूही जाईल."

म्हातारा खरं तेच बोलत होता. मग तिने सुरी आणि कागद दुमडायची हाडाची पट्टी पिशवीत टाकली. "चला तर. त्यांच्यासमोर उघडू."

"आणि आत काही नसलं तर?"

तिने त्याची काठी त्याच्या हातात दिली. कसरीने काय ठेवलंय, मला तरी कुठे ठाऊक होतं?

कार्यालयात कारकुनाने कानांवर हात ठेवले. "सरकारी वही कापायची? माझी नोकरी घालवता काय?"

"तुम्ही बघत उभे राहा. आत काही निघालं नाही, तर वही फाडल्याचा गुन्हाही आमच्याच नावावर लिहा," सून म्हणाली. कारकुनाने एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हातारा काठीवर दोन्ही हात ठेवून बसला होता आणि काठी जमिनीवर टकटक वाजत होती. कारकुनाने एक कागद ओढला, 'वही माझ्या समक्ष उघडली' असं लिहून सही ठोकली आणि म्हणाला, "उघडा."

पातं माझ्या पाठीला टेकलं. भीतीने मी आखडून गेले. पण त्या बाईचा हात काय सांगू तुम्हाला! अस्तर तेवढं सुटलं, खालच्या कागदाला ओरखडाही नाही. तिने हाडाची पट्टी आत सरकवली. आधी नुसता भुगा पडला. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले. मग भुग्यामागून पिवळा कागद आला. एक कोपरा पार खाल्लेला, सही अर्धी गेलेली. क्रमांक मात्र जशाच्या तसा होता.

कारकून अक्षरशः धावत गेला. पाच मिनिटं म्हणाला होता, चारच लागली. जाडजूड नोंदवही टेबलावर आपटून त्याने बोट ठेवलं. म्हाताऱ्याचं नाव होतं, दोन्ही पदकं होती. कारकून उभ्यानेच वाचू लागला, "'...पूल तुटला असता तोफांच्या माऱ्यात निर्भयपणे तीन खेपा करून...'"

"हे चुकलंय," म्हातारा म्हणाला.

आता आणखी काय?

"निर्भयपणे नाही हो. मी भ्यायलो होतो. दात वाजत होते. क्लचवरचा पाय थरथर थरथरत होता. कुणाला सांगितलं नाही आजवर."

मला ठाऊक होतं. त्याच्या शर्टाच्या खिशात मीच तर होते.

कारकुनाने 'निरंक'वर तांबड्या शाईची रेघ मारली, वर दोन्ही पदकांची नावं लिहिली, शिक्का उठवला आणि लेखणी हातात धरूनच विचारलं, "मग आजोबा, तेही दुरुस्त करू का?"

"करा की," म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "लिहा, भीत भीत तीन खेपा केल्या." आणि सत्तावीस दिवसांत पहिल्यांदा तो हसला. सून आधी हसली आणि मग टेबलावर डोकं टेकून रडली. मूळ आदेश काही बदलता येत नाही. पण कारकुनाने त्याच दिवशी माझ्याबरोबरच्या एकोणसाठ वह्यांची यादी काढली आणि घरोघर पत्रं धाडली, 'वहीचा मागचा पुठ्ठा अंगठ्याने चाचपून बघा आणि जाड लागला तर न उघडता इकडे घेऊन या.'

आता मी बटणांच्या डब्याशेजारी, उघड्या फडताळात राहते. सुनेने पाठीची चीर मुद्दाम पुरती बुजवली नाही. म्हातारा रोज मला हातात घेतो आणि सातवं पान वाचतो.

मित्रांनो, जुने कागद घरात असतील, तर त्यांना कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून उघडा, आत काय आहे ते वाचा. आणि माझी एवढी विनंती ऐका. कधी रांगेत तुमचं पान तुमच्या हाती येईल, त्यात चूक दिसेल आणि टेबलामागून कोणी म्हणेल, "पुढे चला." तेव्हा पुढे जाऊ नका. पाय थरथरले तरी चालेल. तिथेच उभे राहा.