शहजाद्याचा उजवा कान

“अकरा कप जिंकले म्हणे! अन् एक शिंगरू होत नाई तुह्याच्यानं. सायबाले काय सांगू मी?”

कुडापलीकडे आमचे नत्थुजी शाहबाजला खरारा करत कुरकुरत होते. माझ्याशी लग्नाच्या वीस वर्षांत ते इतक्या लडिवाळपणे कधी बोलले नाहीत.

शाहबाज म्हणजे पुण्या-मुंबईच्या शर्यतींचा राजा. उतारवयात सरकारनं त्याला वऱ्हाडातल्या घोड्यांची अवलाद सुधारायला अकोल्याला धाडलं आणि नत्थुजींना त्याचा मोतद्दार नेमलं. दोन वर्षांत एकही घोडी गाभण राहिली नाही. साहेब सांगून गेला, आणखी एक साल पाहू, नाहीतर गोळी.

घोडी माजावर आहे का ते पाहायला आमच्याकडे एक तट्टू होतं, बंड्या. उजवा कान कायम लोंबता. घोडीनं त्याला जवळ येऊ दिलं की त्याला ओढून बाजूला बांधायचं आणि मग शाहबाजला आणायचं, अशी रीत. त्या साली नत्थुजींनी बंड्याला ओढलंच नाही.

पुढच्या साली पाच शिंगरं झाली. पाचांचाही उजवा कान लोंबता. लोक पेढे घेऊन आले. कानाकडे पाहायचे, घसा खाकरायचे आणि म्हणायचे, “टांगा मातर बापाच्या हायेत हो!” गोळी टळली. त्या दिवसापासून नत्थुजी शाहबाजशी कुरकुरायचे थांबले.

अंजनगावचे जानराव तीन दिवस चालत घोडी घेऊन आले होते. त्यांनी आपल्या शिंगराचं नाव शहजादा ठेवलं. घोडा कप आणील, एवढाच त्यांचा ध्यास. चार वर्षांनी जत्रेत पळवला, तर पठ्ठ्या अर्ध्यातच थांबून कोणाचा तरी कडबा खाऊ लागला.

“आज मन नोतं त्याचं,” जानराव म्हणाले.

नत्थुजी दोन दिवस जेवले नाहीत. मी कारण विचारलं नाही. विचारलं असतं, तर त्यांना सांगावं लागलं असतं.

पोळा झाला आणि शाहबाज खाली बसला तो उठेना. निरोप गेला. जानराव पुन्हा तीन दिवस चालत आले, शहजाद्याला घेऊन.

“शेवटचं पाहू दे लेकराले बापाले.”

शहजादा काही शाहबाजजवळ जाईना. बंड्याच्या चाऱ्याकडे ओढ घेत राहिला. जानरावांनी दोर खेचला. “अरे, इकडं पाय! बाप हाये तुहा!”

शाहबाजचं डोकं नत्थुजींच्या मांडीवर होतं. त्यांनी वर पाहिलं नाही.

“सोडा त्याले, जानराव. त्याचा बाप तिकडंच हाये.”