पाहुण्यांसाठी धुतलेले मणी

आमच्या कारखान्यात एक गोष्ट सांगतात, की दाजींनी एकदा एवढी स्वच्छता केली की कारखान्याला कुलूप लागायची वेळ आली. दाजी म्हणजे मी. गोष्ट खरी आहे. फक्त सांगणारे मला आहे त्यापेक्षा जरा हुशार करून सांगतात, म्हणून म्हटलं आपणच सांगावी.

कारखाना माझ्या मेव्हण्याचा, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचा. नळाच्या तोट्या, दाराच्या कड्या, सायकलींची हँडलं, असल्या मालावर निकेलचा मुलामा चढवायचा. त्याआधी मी बऱ्याच ठिकाणी कामं केली आणि बऱ्याच ठिकाणांनी मला हात जोडले. शेवटी बायको भावाला म्हणाली, "ह्यांना ठेवून घे. मी जबाबदार." ती स्वतः तिथेच पॅकिंगला बसते, तिचा शब्द तो मोडणार नव्हता. मग त्याने डोकं खाजवून अशी जागा शोधली जिथे माझा मालाशी संबंधच येणार नाही. मागची शेड. तिथे सांडपाणी येतं.

आमचं सांडपाणी दिसायला मोठं देखणं. मुलामा चढवलेला माल पाण्यात खळबळून काढतात, त्याने पाणी फिकट हिरवं होतं. बघून वाटतं ग्लास भरून घ्यावा. पण ते हिरवं म्हणजेच निकेल. तसंच मागच्या नाल्यात सोडलं की मासे उलटे पडतात, आणि पुढे ज्यांच्या विहिरी आहेत त्यांच्या पोटात जातं.

म्हणून ते आधी दोन उभ्या काचेसारख्या नळ्यांतून सोडायचं, एकीतून दुसरीत. नळ्या माझ्या उंचीच्या, आणि आत ठासून भरलेले टाचणीच्या डोक्याएवढे मणी. हे मणी निकेल धरून ठेवतात आणि पाणी पुढे सोडतात. धरून धरून हिरवे होतात. पोट भरलं की त्यांना पातळ ॲसिडने आंघोळ घालायची, की धरलेलं सगळं ओकतात. ते हिरवंगार पाणी ड्रममध्ये घ्यायचं आणि परत मुलाम्याच्या टाकीत टाकायचं. मग मणी साध्या पाण्याने धुवायचे, ॲसिड मारायला थोडं कॉस्टिक सोड्याचं पाणी पाजायचं, पुन्हा धुवायचे, आणि निघणाऱ्या पाण्यात कागदाची पट्टी बुडवून बघायची. लाल झाली तर ॲसिड शिल्लक आहे, धुवत राहा. पिवळसर हिरवी झाली तर मणी परत कामाला. फेकायचं काहीच नाही.

मणी बसवून देणाऱ्याने मला दोन गोष्टी बजावल्या होत्या. एका वेळी एकच नळी धुवायची, दुसरी कामावर ठेवायची. आणि पट्टी बघितल्याशिवाय सांडपाण्याचा नळ सोडायचा नाही. मी मान हलवली होती. मान हलवण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

पण मण्यांचं आणि माझं छान जमलं, बरं का. दोघांचं काम एकच, येईल ते निमूट पोटात ठेवायचं. माझ्या लग्नाला झाली की बरीच वर्षं.

तर एके दिवशी सकाळी मेव्हणा मागे आला. पाण्याची तपासणी करणाऱ्या मॅडम यायच्या होत्या. मणी येण्याआधी एकदा आमचा नमुना नापास झाला होता, आणि पुन्हा झाला तर कुलूप लावू, असं त्या तोंडावर सांगून गेल्या होत्या.

"दाजी, आज एक करा. काही करू नका."

"म्हणजे काय करू?"

"काहीच नाही. आहे तसं चालू दे."

असं म्हणून तो गेला. आता मला सांगा, घरी पाहुणे येणार आणि आपण मळकी चादर तशीच ठेवायची? मी नळ्यांकडे बघितलं. पहिली शेवाळ धरल्यासारखी हिरवी, दुसरीचाही गळा हिरवट. म्हटलं, बाई दारातून आल्या की पहिलं दर्शन ह्या कळकटांचं. नमुना पास होईल, पण मत काय होईल?

धुवायला घेतल्या. दोन्ही. एक पांढरी आणि एक हिरवी कशी दिसणार, एका पायात बूट आणि एका पायात चप्पल.

ॲसिडची आंघोळ फक्कड झाली. मणी असे उजळले की मीच बघत राहिलो. तोवर आतून येणारं पाणी मी नळ्यांच्या अलीकडच्या पहिल्या टाकीत अडवून धरलं होतं, ती काठोकाठ आली. आतून कोणीतरी ओरडलं, "दाजी, पाणी मागं सरतंय." तेवढ्यात फाटकावर स्कूटर थांबली. साध्या पाण्याची धुलाई राहिली होती, कॉस्टिक राहिलं होतं, पट्टी खिशातच होती. मी मण्यांकडे बघितलं. एवढी गोरी मंडळी, ह्यांना आणि काय धुवायचं? नळ सोडला.

मॅडम हेल्मेट काखेत घेऊन आल्या. मागून मेव्हणा, चेहऱ्यावर उसनं हसू. बाईंनी नळ्या बघितल्या.

"मणी नवीन टाकले?"

"नाही मॅडम, जुनेच. धुतले. खास तुमच्यासाठी."

मेव्हण्याचं हसू होतं तिथेच वाळलं.

नळ्यांतून निघालेलं पाणी एका शेवटच्या टाकीत पडतं. तिला अलीकडे नमुन्याची तोटी आहे, आणि पलीकडून पाणी नाल्यात जातं. मी कौतुकाने त्या टाकीत डोकावलो. नळीतून पडणारी धार नळीत शिरणाऱ्या पाण्यापेक्षा हिरवी होती. मण्यांनी ओकलेलं अजून नळीतच होतं, आणि ॲसिड बसलेले मणी नवीन काही धरायलाही तयार नव्हते. टाकीत आदल्या दिवशीचं स्वच्छ पाणी होतं, त्यात ही हिरवी शेपटी हळूहळू पलीकडच्या तोंडाकडे सरकत होती.

मेव्हण्यालाही दिसलं. त्याने डोळ्यांनी मला तोटी दाखवली. मला कळलं. तोटीपाशी अजून कालचंच पाणी होतं. बाटली आत्ता भरली तर पास. हिरवं गुपचूप नाल्यात जाईल, आणि ते कोणाच्या विहिरीत उतरलं हे आम्हाला कधी कळणारही नाही.

आणि बोललो तर कुलूप. आतली सगळी माणसं घरी. बायकोचा शब्द गेला, तो वेगळाच.

लोक इथे सांगतात की दाजी छाती काढून पुढे झाले. छाती कसली. मी नाल्याचा व्हॉल्व्ह फिरवून बंद केला, तोसुद्धा आधी उलट्या बाजूला फिरवला.

"मॅडम, नमुना घेऊ नका. मी धुण्यात घोळ घातलाय. पाणी खराब येतंय."

मेव्हण्याने कपाळाला हात लावला. बाईंनी टाकीत बघितलं.

"नाल्यात किती गेलं?"

"अजून नाही. पलीकडे पोचायच्या आधी बंद केलंय."

"मग हे सगळं परत पहिल्या टाकीत घ्या. आतलं काम थांबवा. एकेक नळी नीट धुवा. मी बसते."

त्या बादली पालथी घालून खरंच बसल्या. आतल्या मोटारी बंद पडल्या, तशी एकेक जण मागे येऊन उभा राहिला. बायकोही आली, हाताला पॅकिंगची चिकटपट्टी लागलेली.

"काय केलंत?"

"धुतलं."

"घरी कधी एक कप धुतला नाही तुम्ही."

मी धुवत होतो, पट्टी बुडवत होतो. लाल. पुन्हा धुतलं. लालच. मेव्हणा कानाशी येऊन हळू म्हणाला, "दाजी, मी काय सांगितलं होतं?"

"काही करू नका."

"तेवढंसुद्धा जमलं नाही?"

पट्टी नारिंगी झाली, मग पिवळी, मग पिवळसर हिरवी. मग मॅडमनी स्वतःची पट्टी बुडवली, पाणी टाकीतून फिरू दिलं, व्हॉल्व्ह उघडायला लावला आणि बाटली घेऊन निघाल्या. पण तोटीकडे नाही. शेडच्या मागे, थेट नाल्यात पाणी पडतं तिथे.

"मॅडम, तोटी इकडे आहे," मी म्हटलं.

"तोटीतून मी कधीच भरत नाही," त्या म्हणाल्या. "तोटी सगळीकडे चांगलीच असते."

मेव्हण्याने आणि मी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

नमुना पास झाला. कारखाना चालू आहे. मला काढतील असं वाटलं होतं, पण मेव्हण्याने ॲसिडच्या नळाला छोटं कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या बहिणीला दिली. आता मणी हिरवे झाले की मी पॅकिंगच्या दारात जाऊन उभा राहतो. ती हातातलं काम संपवते, मला तेवढं ताटकळत ठेवते, मग मागे येते.

"आज कुठली?"

"पहिली."

"दुसरीला हात लावायचा नाही."

"नाही लावत गं."

कुलूप उघडते आणि तिथेच उभी राहते. शेवटी मी पट्टी बुडवून तिच्यापुढे धरतो. ती उजेडात नेते, उलटसुलट करून बघते.

"लालसर वाटतेय मला."

"अगं, हिरवी आहे चांगली."

"धुवा परत."

मी परत धुतो.