पाचवं पाणी

आत्याची शाळा लहानपणीच सुटली होती, आणि ती पुन्हा धरावी असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. ती शहरात बस चालवायची. भली मोठी गाडी अरुंद गल्लीतून वळवताना तिचा हात कापत नसे. पण भावाची मुलगी रसायनशास्त्रात दुसऱ्यांदा नापास झाली आणि घरादाराचं तोंड उतरलं.

"नाही जमत तर सोडून दे," दादा लेकीला म्हणाला. तिनं नुसती मान खाली घातली. आत्याला ते बघवेना.

"मी बसते तिच्या शेजारी," आत्या म्हणाली. "दोघी नापास झालो तर निदान एकमेकींना सोबत होईल."

बाहेरून परीक्षा देणाऱ्यांसाठी कॉलेजात शनिवारी दुपारी वर्ग भरायचा. आत्या ड्युटी बदलून घेऊन तिथं जाऊ लागली. पहिल्याच तासाला बाईंनी फळ्यावर 'मोल' लिहिलं, तेव्हा तिनं भाचीच्या कानात विचारलं, "मोल म्हणजे किंमत ना गं?"

बाईंचे कान तिखट होते. "किंमत नव्हे, मोजणी," त्या म्हणाल्या. "डझनभर कलिंगडं आणि डझनभर द्राक्षं यांचं वजन सारखं नसतं, पण नग बाराच. मोल हा तसाच एक डझन, फक्त फार मोठा. सहावर तेवीस शून्यं दिली की होतो तेवढा. कण डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून आपण ते वजनावरून मोजायचे."

आत्याला हे काही पटलं नाही. जे दिसतच नाही, ते मोजलं म्हणणारा माणूस एकतर थापा मारतोय, नाहीतर आपल्याला वेड्यात काढतोय, असं तिला वाटलं. पण बाई भल्या दिसत होत्या, म्हणून तिनं ते वहीत उतरवून घेतलं.

मग एका शनिवारी बाई सगळ्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. ओट्यावर मोरचुदाचे खडे होते, निळेशार, काचेसारखे. बाईंनी फळ्यावर त्याचं सूत्र लिहिलं: CuSO₄, मग मधोमध टिंब, मग पाण्याचं H₂O. पाण्याच्या आधी मात्र त्यांनी एक रिकामी चौकट काढली.

"हा खडा कोरडा दिसतो, पण त्याच्या पोटात पाणी आहे," त्या म्हणाल्या. "तांबं-गंधकाच्या एका एककामागे पाण्याचे किती रेणू? चौकटीतला आकडा तुम्ही शोधायचा."

"पाच," भाची हळूच म्हणाली. "पुस्तकात दिलंय. पाच लिहू आणि सुटू."

"पुस्तकाला कुणी सांगितलं?" आत्यानं विचारलं.



दोघींनी वजनकाट्यावर पाच ग्रॅम मोरचूद तोलून घेतलं, चिनी मातीच्या मुशीत घातलं आणि मूस बर्नरवर ठेवली. आत्या वाकून बघत राहिली. खडे तडतडले. वर ठेवलेल्या काचेवर दव धरलं. आणि निळा रंग कडेकडेनं विरायला लागला, जणू कुणी तो आतून ओढून घेत होतं. बघता बघता मुशीत पांढुरकी पूड उरली. इतका भरजरी निळा रंग नुसत्या पाण्याच्या जोरावर उभा होता तर.

मूस निवल्यावर त्यांनी वजन केलं. एक मोल पाणी अठरा ग्रॅम भरतं आणि एक मोल कोरडं मोरचूद एकशे साठ, हे बाईंनी फळ्यावर लिहून दिलं होतं. उडालेल्या पाण्याच्या वजनाला अठरानं भागलं, उरलेल्या पुडीच्या वजनाला एकशे साठनं. दोन्हींचे मोल मिळाले. एकाला दुसऱ्यानं भागलं, तर उत्तर आलं सव्वाचार.

"झालं," भाचीचा चेहरा पडला. "माझ्या हाताला यशच नाही. पाच लिहून टाकते."

"सव्वाचार आलंय तर सव्वाचार लिही," आत्या म्हणाली. "की अजून भाजायचं राहिलंय? बाईंना विचार."

बाईंनी मुशीत डोकावून बघितलं. पुडीला निळसर झाक होती. "पुन्हा तापवा," एवढंच त्या म्हणाल्या. "दोनदा लागोपाठ तेच वजन येईपर्यंत."

पुन्हा तापवलं, निववलं, तोललं. पुन्हा एकदा. काटा आता हलेना. भाचीनं भागाकार केला, खोडला, परत केला. मग कागद आत्यापुढं सरकवला. चार पूर्णांक चौऱ्याण्णव.

"पाचच की गं," आत्या पुटपुटली.

तिनं स्टुलावर बैठक मारली. चिमूटभर पूड. तिच्यात एकावर बावीस शून्यं द्यावीत त्याहून जास्त एककं, आणि त्या अफाट गर्दीतल्या एकेकाच्या वाट्याला नेमकी पाच पाणी. कुणाला सहा नाहीत, कुणाला चार नाहीत. तिच्या गाडीत पन्नास माणसं चढली तरी कुणाला धड उभं राहता येत नाही. आणि हे तिनं स्वतः, एका वजनकाट्यावर, शोधून काढलं होतं. थापा कुणीच मारल्या नव्हत्या.

"पण पाचच का?" भाचीनं विचारलं.

तिनं आजवर या विषयातलं काहीएक आपणहून विचारलं नव्हतं. आत्यानं चटकन तिच्याकडं पाहिलं.

बाई पर्स खांद्याला लावून निघाल्या होत्या. त्यांनी ती काढून ठेवली आणि खडू उचलला. तांब्याचा एक ठिपका काढला, त्याच्या चार बाजूंना चार पाणी. "ही चार तांब्याला बिलगून असतात. आणि पाचवं निराळं बसतं, सल्फेटला, म्हणजे गंधकाच्या गटाला धरून. ते सहजासहजी सुटत नाही, त्याला जास्त आच लागते. मघाशी तुमचं उत्तर कमी आलं ना? चार निघून गेली होती, पाचवं अर्धंअधिक जागा धरून होतं."

"म्हणजे माझं चुकलं नव्हतं?" भाची म्हणाली.

"तुझ्या काट्यानं खरं तेच सांगितलं. तुम्ही मध्येच थांबला होतात."

भाची फळ्याजवळ गेली. त्या चार पाण्यांकडं आणि बाजूच्या एकट्या पाचव्याकडं ती टक लावून बघत राहिली. इतर मुलं निघून गेली, शिपाई दारात येऊन किल्ल्या वाजवू लागला, तरी तिचे प्रश्न थांबेनात. हे कुणी पाहिलं? कसं पाहिलं? मिठात पाणी का नाही? बाई काहींची उत्तरं देत होत्या, काहींना "मलाही वाचून बघावं लागेल" म्हणत होत्या.

आत्यानं चमच्यानं पांढऱ्या पुडीवर पाण्याचा थेंब सोडला. पूड चुरचुरली, वाफाळली, आणि थेंब पडला तिथं निळी झाली. तिनं मूस तळहातावर घेतली. ती चांगलीच गरम लागत होती, आणि खाली बर्नर तर केव्हाच विझवलेला होता.

"बाई," ती हळू आवाजात म्हणाली, "ही ऊब कुठून आली?"

शिपायानं किल्ल्या खिशात टाकल्या आणि तोही आत येऊन उभा राहिला.