तापायचं सोडून गार पडणारा रिअ‍ॅक्टर

मानवजातीचं भवितव्य हायड्रोजनच्या हाती आहे, असं कारखान्याच्या फाटकावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. त्या आठवड्यात हायड्रोजनचं भवितव्य मॅनेजरच्या साडूच्या हाती गेलं.

झालं होतं असं, की दुरुस्तीसाठी बंद ठेवलेला प्लँट पुन्हा सुरू केला आणि मुख्य रिअ‍ॅक्टर रुसून बसला. खरं तर त्याचं काम सरळ होतं. गरम गॅस आणि वाफ वरून आत घ्यायची, पोटातल्या कॅटॅलिस्टच्या, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या, गोळ्यांमधून खाली सोडायची. तिथं हायड्रोजन वाढतो, आणि गॅस आणखी तापून खालून बाहेर पडतो. कंट्रोल रूमच्या पडद्यावर मात्र गॅस तापलेला आत जात होता आणि गार होऊन बाहेर येत होता. आत जाणारा गॅस फार गरम दिसतो म्हणून ऑपरेटरांनी तो गार केला. हायड्रोजन घटला. म्हणून त्यांनी तो आणखी गार केला.

"कॅटॅलिस्ट मेलाय," डायरेक्टर म्हणाले. त्यांना रसायनशास्त्र येत नव्हतं, पण दोष कोणाचा हे विचारता येत होतं. "निवडला कोणी होता?"

मॅनेजरने निवडला होता. साडू कॅटॅलिस्टचाच सल्लागार, पण त्याने सुचवलेला माल मॅनेजरने मुद्दाम नाकारला होता. तो घेतला असता, तर सासूबाईंच्या जेवणाच्या टेबलावर जन्मभर ते ऐकावं लागलं असतं. आता डायरेक्टरांनी परस्पर साडूलाच बोलावलं. त्याने कॅटॅलिस्ट मेला म्हटलं, की रिअ‍ॅक्टर उघडणार, त्याचा माल भरणार आणि सासरी मॅनेजरचं नाक कायमचं कापलं जाणार.

साडू आला. हेल्मेट इतकं नवं, की किमतीची चिठ्ठी तशीच होती.

"काय साडूभाऊ, मी तेव्हाच म्हणालो होतो ना?"

"तेव्हा तुम्ही बरंच काही म्हणाला होता. आमच्या फ्रीजबद्दलसुद्धा."

"चालतोय का फ्रीज?"

"नाही."

"बघा!"

मग त्याने रिअ‍ॅक्टरच्या जाडजूड आवरणावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "गेलाय बिचारा."

"जाता जाता एक करू," मॅनेजर म्हणाला. आवाज त्याने साहेबाचाच ठेवला. "आत जाणारा गॅस जरा गरम करून बघू."

गरम केला. सगळे पडद्यासमोर उभे राहिले. आधी बाहेर पडणारा गॅस तापला. आत जाणारा त्यानंतर, सावकाश.

"उलटं उष्णतावहन," साडू गंभीरपणे म्हणाला. "परदेशात यावर खूप काम चाललंय."

डायरेक्टरांनी मान डोलावली. परदेशातलं काही आलं की ते मान डोलावतच.

"म्हणजे," मॅनेजर म्हणाला, "गॅस आत जायच्या आधीच बाहेर आला?"

"तेच तर त्यातलं वैशिष्ट्य!"

मॅनेजर तडक खाली उतरला. तापमापकांचं काम बघणारा फोरमन शिडीपाशी चहा पीत होता.

"तापमापकांवर नंबर कोणी घातले?"

"मीच की. दुरुस्तीत जुन्या पट्ट्या गळून पडल्या. तुम्हीच म्हणालात, जो आधी लागेल त्याला एक नंबर दे, दुसऱ्याला दोन."

"बरोबर. मग?"

"मग शिडी चढताना आधी खालचाच लागतो."

"अरे बाबा, गॅस वरून येतो!"

"येत असेल. मी खालून येतो."

मॅनेजरने कपाळाला हात लावला. कंट्रोल रूममधल्या तारा नंबर बघून जोडल्या होत्या: एक म्हणजे आत जाणारा गॅस, दोन म्हणजे बाहेर पडणारा. बाहेरचं तापमान आतलं म्हणून दिसत होतं, आतलं बाहेरचं म्हणून, आणि धडधाकट रिअ‍ॅक्टरला सगळ्यांनी मिळून गारठवलं होतं. तारांची अदलाबदल झाली, गॅसला हवी तेवढी ऊब मिळाली आणि संध्याकाळच्या आत हायड्रोजन पूर्ववत आला.

डायरेक्टरांनी आनंदाने हात हातात घेतला. साडूचा.

"तुम्ही आलात आणि लगेच फरक पडला!"

"अनुभव," साडू विनयाने म्हणाला.

रविवारी सासूबाईंकडे हीच गोष्ट ताटं मांडायच्या आधीच सुरू झाली. "मी नुसता हात ठेवला," साडू सांगत होता. मॅनेजरने तोंड उघडलं. शिडी, फोरमन, पट्ट्या, सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं.

"ते राहू द्या," सासूबाई म्हणाल्या. "दोघंही गॅसमधलेच ना तुम्ही? मग उठा. माझी शेगडी सकाळपासून पेटत नाहीये."

दोघेही एकदम उठले. आता सोक्षमोक्षच लागणार होता. साडूने शेगडीवर तळहात ठेवला आणि बर्नर गेल्याचं जाहीर केलं. मॅनेजर म्हणाला, असं डोळे मिटून कळत नसतं. गॅस कुठून येतो आणि कुठं जातो ते आधी बघायला हवं. त्याने बर्नर उतरवले, बटणं काढली, नळी सोडवून तिच्यातून आरपार पाहिलं. ओट्यावर जागा उरली नाही, तेव्हा उरलेले स्क्रू त्याने ताटात ठेवले.

सासूबाईंनी पदर खोचला आणि सिलिंडर हलवून पाहिला. रिकामा होता.