नावडती भाजी

कमलाक्षीच्या तेराव्याला गुंडुरावांना कळलं, की तिच्याबरोबर तिचा आवाजही गेला. तिची सगळी गाणी तिच्या कॉम्प्युटरमध्ये होती आणि पासवर्ड तिलाच ठाऊक. पडद्यावर पासवर्ड आठवायला तिनं ठेवलेली खूण तेवढी दिसायची: 'आमच्या ह्यांची नावडती भाजी.'

त्यांनी कॉम्प्युटरच्या कंपनीला सूचना पाठवली, "बायकांनी खूण ठेवताना नवऱ्याला विचारावं, अशी सोय करा."

कंपनीतल्या मुलीचा फोन आला. "सूचना चांगली आहे, सर. पण भाजी कोणती?"

गुंडुरावांनी कमलाक्षीच्या फोटोकडे पाठ केली. "नवलकोल," ते हळूच म्हणाले.

"मग तेच टाका की."

"अगो अम्मा, म्हणजे तिला ठाऊक होतं, आणि तरी दर गुरुवारी वाढत होती?"

मुलगी हसू आवरत राहिली.

गुंडुरावांनी तो शब्द अजून टाकलेला नाही.