चाळीस निळ्या चादरी

“प्रदूषणाची सहा कारणं, चार परिणाम! सगळं तोंडपाठ!” चपला भिरकावत सासूबाई घरात शिरल्या.

अठ्ठावीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात यंत्र चालवणाऱ्या या बाईनं पन्नाशीत मुक्त विद्यापीठाची पूर्वपरीक्षा देऊन पदवीसाठी नाव घातलं होतं. सगळे विषय सुटले, घोडं अडलं ते कारण-परिणामाच्या निबंधावर. दोनदा नापास. आता शेवटची संधी, नाहीतर अख्खं वर्ष पाण्यात.

“आई, हा पुस्तकातला निबंध आहे. तुमचा कुठला?” मी विचारलं.

“तू गप गं! मोठी आली शिकवणारी.”

दुसऱ्या दिवशी त्या तोंड पाडून आल्या. “चाळीस चादरी निळ्या झाल्या. कुणाच्या तरी कोटात पेन राहिलं होतं.”

“खिसे नाही तपासले कुणी?”

“तपासायचे मीच. पण मी कारणं घोकत होते ना!”

मला हसू आवरेना. त्या चिडल्या. “दात काय काढतेस? साहेब माझ्या जोडीदारणीला झापायला लागले. मग सांगून टाकलं, चूक माझी.”

“आई, डागाचं मूळ कसं शोधलंत?”

“कसं म्हणजे? डागापासून मागे मागे जायचं.”

“मग तेच लिहा की!”

 त्यांनी वही ओढली आणि लिहायला बसल्या. चादर निळी का, तर पेन. पेन का राहिलं, तर खिसा बघितला नाही. का नाही बघितला, तर घोकंपट्टी. घोकंपट्टी का, तर नापास व्हायची भीती. भीती का? इथे पेन थबकलं. मग त्यांनी लिहिलं, “चौथीत शाळा सोडवली, तेव्हापासून मला वाटतं की माझ्या मनातलं लिहिण्याजोगं नाही.” मला तर रडूच फुटलं.

आठवड्यानं निबंध तपासून आला. वीसपैकी सतरा! सरांनी तो वर्गात वाचून दाखवला म्हणे. घरी येऊन सासूबाईंनी मला धरून गरागरा फिरवलं, पार भोवळ येईपर्यंत.

सकाळी मी धुण्याचं यंत्र भरत होते. त्यांचा कामाचा कोट आत टाकणार, तोच त्या किंचाळल्या, “थांब!”

त्यांनी खिशात हात घातला आणि घडी घातलेला निबंध अलगद बाहेर काढला.

“खिसे बघितल्याशिवाय काही टाकायचं नाही, कळलं?” कागद माझ्या हातात देत त्या म्हणाल्या. “आता वाच. मोठ्यानं.”