जोडलेल्या बॅटऱ्या

पैनगंगेच्या अलीकडं निजामाची मोगलाई, पलीकडं वऱ्हाड, आणि मधल्या पाण्यावर जहांगीर नावाडी एकटा. बायको मदीनाबी वारली, एकुलती लेक अजरा पलीकडच्या गावात दिली. लग्नात ताटात मटणाच्या बोट्या कमी पडल्या म्हणून तिचा सासरा खाजा मिया जो रुसला, तो रुसलाच. पोरीचं माहेर त्यानं बंद केलं. कमी पडल्या बोट्या, आणि शिक्षा कोणाला, तर लेकराला!

घाटाच्या ठेकेदारानं कापसाच्या गाड्या रात्री नदीपार उतरवायला नावेवर मोटारीचा दिवा बसवला होता, दोन बॅटऱ्यांवर आलटूनपालटून चालणारा. पाठवणीच्या वेळी जहांगीर अजराला म्हणाला होता, "दिवा दिसला की समज, अब्बा बरा हाय." तेव्हापासून गाड्या असोत-नसोत, दिवस बुडाला की तो दिवा पलीकडं वळवून बसायचा. पोरगी बघते की नाही, कोण सांगणार? त्याचा जीव मात्र त्या उजेडात अडकलेला असायचा.

कळमनुरीला कापसाच्या जिनात बॅटऱ्या भरून देणाऱ्या लालसिंगनं त्याला बजावलं होतं, "एक जाळायची, दुसरी भरून ठेवायची. जवळ बिडी ओढू नका. आन् दोन्ही एकमेकींना जोडू नका. बराबर?"

"बराबर."

बिडी त्यानं लांब ठेवली. दिवा बेताबेतानं जाळणं मात्र त्याला जमेना. पहिली बॅटरी पार थकली, आणि कळमनुरीच्या बाजाराचा दिवस लांब होता; तोवर एकटी दुसरी पुरणार नव्हती. जहांगीरनं लहानपणी बैल राखलेले. थकलेला बैल ताज्याशेजारी जुंपला की गाडी चालतेच, असा हिशोब करून त्यानं दोन तारा घेतल्या, दोन्ही बॅटऱ्या जोडल्या आणि तशाच ठेवून दिल्या. थकलेली आतून नासलेली होती. तिनं भरलेलीचंही सगळं ओढून घेतलं.

दुसऱ्या संध्याकाळी दिवा जरासा लाल झाला आणि विझला. त्यानं कंदील उंच धरला, पण त्याचा उजेड अर्ध्या पात्रापर्यंतही पोचेना.

सकाळी पलीकडून हाका आल्या. नाव नेली, तर काठावर खाजा मियाची बैलगाडी, गाडीत कफनाचं कापड, आणि रडून डोळे सुजलेली अजरा.

ती धावत पाण्यात शिरली. बापाला चाचपून बघितलं आणि मग त्याच्या छातीवर बुक्क्या मारायला लागली. "दिवा काहून न्हाई लावला, अब्बा? मी रोज बघते न्हाई का!"

रोज बघते! जहांगीरनं तिचे दोन्ही हात धरले. "बॅटऱ्या गेल्या, बेटा," तो म्हणाला.

खाजा मियानं कफनाची नीट घडी घातली. "जित्ता हाय ना? झालं तर मंग. चल पोरी, बस गाडीत."

"घरी चला, समधी. चहा तरी घ्या."

"आमी मयताला आलो व्हतो."

गाडी वळली. अजरा मागं तोंड करून बसली होती, वळणापर्यंत दिसत राहिली. जहांगीर वल्हं धरून तिथंच उभा होता. खरंच मेलो असतो, तर दुखवट्याचे तीन दिवस तरी पोरगी घरी राहिली असती, असं त्याला वाटलं.